दर्शनानंतरचा धर्म : संत गाडगेबाबांच्या जीवनातून पाच पाठ



देवदर्शनासाठी येणाऱ्या भाविकास पूजेच्या वेळा, अभिषेकाचे नियम, भक्तनिवासाची व्यवस्था आणि प्रसादालयाची माहिती या पुस्तिकेत अन्यत्र मिळेलच. परंतु दर्शन आटोपून भाविक घरी परततो, तेव्हा त्याच्यापुढे तेच घर, तोच संसार आणि त्याच विवंचना उभ्या असतात. मुलांचे शिक्षण, वडीलधाऱ्यांची आजारपणे, लग्नकार्ये, घराचे हप्ते, नोकरीतील अस्थिरता हे सारे गाभाऱ्याबाहेर त्याची वाट पाहत असते. अशा वेळी देवाच्या दारातून सोबत काय न्यावे, हा प्रश्न विचारी माणसाच्या मनात येतो. अंगारा व प्रसाद आपण नेतोच. परंतु रोजच्या जगण्यास उपयोगी पडेल असा विचारही शिदोरी म्हणून बांधून न्यावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

या विषयासाठी संत गाडगेबाबांच्या जीवनाइतका उत्तम पाठ क्वचितच सापडेल. बाबांनी कोणताही ग्रंथ लिहिला नाही, पंथ काढला नाही, कोणास शिष्य म्हणून स्वीकारले नाही. पायावर डोके ठेवू पाहणाऱ्यास ते दूर सारीत. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील लक्षावधी सामान्य माणसे त्यांच्या कीर्तनास बसली आणि त्यांतील अनेकांनी घरी जाऊन दारूची बाटली फोडली, सावकाराची पायरी सोडली, मुलाला शाळेत घातले. माणसाचा संसार सुधारेल तीच भक्ती, घर कर्जात बुडवील ती भक्ती नव्हे, हे बाबांच्या साऱ्या सांगण्याचे सार होते. पुढील पाच पाठ याच एका सूत्राचा विस्तार आहेत.

बाबांचा जीवनपट

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी मद्याच्या व्यसनापायी अकाली निवर्तले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरगावी येऊन राहिली. तेथे डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला, शेतीचे प्रत्येक काम शिकून घेतले. शाळेची पायरी मात्र त्याच्या वाट्यास आली नाही. १८९२ साली कुंताबाईंशी विवाह झाला. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले आणि पुढे जवळजवळ बावन्न वर्षे ते गावोगाव फिरत राहिले.

अंगावर ठिगळांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आणि हाती खराटा, असा त्यांचा वेष असे. जवळ मातीचे एक गाडगे. त्यातच जेवण, त्यातच पाणी. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. अमरावती येथे त्यांची समाधी आहे.

पाठ पहिला : आधी काम, मग भाकर

बाबा एखाद्या गावात शिरत, तेव्हा कोणाची ओळख काढीत नसत वा मुक्कामाची जागा शोधीत नसत. हाती खराटा घेऊन ते रस्ता झाडू लागत, तुंबलेले गटार मोकळे करीत. कोणाच्या दारी भाकर मागावयाची झाल्यास आधी त्या घरचे एखादे काम करून देत. दिवसभर गाव झाडून झाल्यावर सायंकाळी तोच माणूस कीर्तनास उभा राही. सकाळी हातांनी गावातील घाण काढली, आता मनातील घाण काढू या, असा या क्रमाचा अर्थ लोकांना न सांगता कळत असे. श्रोत्यांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे आणि वऱ्हाडी बोलीत साध्या शब्दांत समजावून सांगायचे, ही त्यांच्या कीर्तनाची रीत होती. त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९५६ मध्ये, म्हणजे देह ठेवण्यापूर्वी काही आठवडे, मुंबईत वांद्रे येथे झाले; त्यामुळे तो आवाज आजही ऐकावयास मिळतो.

या पाठातील मर्म असे की, मन सुधारण्याचा आरंभ हातापासून होतो. मनात निराशा दाटली असता केवळ विचार करीत बसल्याने ती सहसा हटत नाही. पण माणूस उठून समोरचे एक लहान काम पुरे करतो, तेव्हा त्याला आपल्या अंगी काही करण्याचे बळ शिल्लक असल्याची खूण पटते. बाबांनी झाडू हाती घेतला तो याच श्रद्धेने. शिवाय त्या काळी झाडलोट हे हीन मानलेले काम होते. ते त्यांनी सर्वांदेखत, कीर्तनकाराच्या योग्यतेने केले. त्यामुळे कामाची लाज बाळगणाऱ्यालाच लाज वाटू लागली.

आपल्या नवी मुंबईकरांस हा पाठ विशेष जवळचा वाटावा. १ जानेवारी १९९२ रोजी स्थापन झालेल्या नवी मुंबई महानगरपालिकेने २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरा क्रमांक मिळविला आणि २०२४-२५ च्या सर्वेक्षणात या शहराचा समावेश ‘सुपर स्वच्छ लीग’ मध्ये झाला. हा मान मुख्यतः पहाटे रस्त्यावर उतरणाऱ्या सफाई कामगारांचा आहे. हार व फुले वाहून झाल्यावर प्लास्टिकची पिशवी पायरीवर टाकणारा भाविक देवास नमस्कार करीत असतो आणि त्याच क्षणी एका अनोळखी माणसाच्या कंबरेवर ओझे वाढवीत असतो.

आचरणासाठी : घरातील एक काम असे निवडावे की जे आजवर आपल्यासाठी दुसरेच कोणी करीत आले आहे. स्वतःचे ताट धुणे, अंथरूण आवरणे, न्हाणीघर घासणे, यांपैकी कोणतेही चालेल. ते सलग एकवीस दिवस करावे. देवस्थानात निर्माल्य कलशातच टाकावे. त्याचे खत होते.

पाठ दुसरा : ऋण काढून सण नको

बाबांच्या बालपणी घडलेली एक गोष्ट त्यांच्या पुढील साऱ्या उपदेशाच्या मुळाशी आहे. दापुऱ्यास त्यांचे मामा चंद्रभानजी यांची चांगली शेती होती. मामांनी सावकाराचे कर्ज घेतले. कागदावर काय लिहिले आहे, हे घरात कोणास वाचता येत नव्हते. कर्ज फेडीत गेले तरी ते फिटेना, आणि अखेर शेत सावकाराच्या घशात गेले. मामा त्या धक्क्यातून सावरले नाहीत. ज्या मातीत स्वतः राबलो ती माती डोळ्यांदेखत परक्याची झाली, हे डेबूजीने तरुण वयात पाहिले.

म्हणून कीर्तनात बाबा पुनःपुन्हा कर्जाविषयी बोलत. लग्नासाठी, बारशासाठी, तेराव्यासाठी, एवढेच काय तीर्थयात्रेसाठीही कर्ज काढू नका, असे ते बजावीत. प्रथम त्यांनी हे स्वतः करून दाखविले. पहिल्या मुलीच्या बारशास जातीच्या रिवाजाप्रमाणे मांसाचे जेवण व मद्य द्यावे लागे. डेबूजीने तो रिवाज मोडून गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रुसले, पण घर कर्जात पडले नाही आणि बोकडाचा जीवही वाचला.

आज सावकाराचे रूप पालटले आहे. तो खिशातील कार्डात आणि हातातील मोबाइलमध्ये येऊन बसला आहे. हिशेब मात्र जुनाच आहे. समजा, एखाद्याने महिना शेकडा तीन रुपये दराने १,००,००० रुपये घेतले. त्याचे दरमहा व्याज ३,००० रुपये, वर्षाचे ३६,००० रुपये होते. तो केवळ व्याजच भरीत राहिला, तर चौतिसाव्या महिन्यात व्याजाची रक्कम मुद्दलाहून अधिक होते आणि मुद्दल एक लाख जसेच्या तसे उभे असते. कार्डावरील थकबाकीस साधारण याच दराने व्याज लागते. ‘किमान रक्कम भरा’ या शब्दांमागे हा हिशेब दडलेला असतो.

आपल्या परिसरास तर हा विषय अधिकच लागू आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकरी आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. शेत एकदाच जाते आणि त्याचा पैसाही एकदाच येतो. ज्या घरांनी तो मुलांच्या शिक्षणात वा एखाद्या व्यवसायात गुंतविला, तेथे पुढची पिढी उभी राहिली; जेथे तो हळदीचे मांडव, ध्वनिक्षेपकांच्या भिंती आणि गाड्यांत गेला, तेथे ना शेत राहिले, ना पैसा. आगरी-कोळी समाजात धवलारीण धवळे गाऊन लग्न लावीत असे. त्या लग्नांत हौस कमी नव्हती. कर्ज मात्र आजच्याइतके नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करणे कार्यालयाचे कर्तव्य आहे. नवस बोलला म्हणून अंगावरचे सोने गहाण ठेवून किंवा उसने पैसे आणून देणगी देऊ पाहणारे भाविक अधूनमधून कार्यालयात येतात. त्यांच्या श्रद्धेविषयी आदर राखूनच विश्वस्त मंडळाच्या संमतीने येथे सांगावेसे वाटते की, कर्ज काढून दिलेले दान या देवस्थानास नको. अशा भाविकाने हात जोडून नवस फेडला असे मानावे आणि ते पैसे सावकारास परत करावेत. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे एक क्षेत्र आहे. तेथील चिखलात यात्रेकरू घसरून पडत, म्हणून बाबांनी स्वतः काठ साफ करण्यास आरंभ केला आणि पुढे लोकांच्या साहाय्याने घाट बांधला गेला. ऋणमोचन म्हणजे ऋणातून सुटका. देवाच्या दारी माणूस कर्जातून सुटावा, अडकू नये, हेच त्या नावात सांगितले आहे.

आचरणासाठी : घरातील सर्व देणी एका कागदावर लिहावीत. प्रत्येकापुढे व्याजाचा दर लिहावा आणि सर्वांत महाग कर्ज प्रथम फेडावे. ते फिटेपर्यंत नवे कर्ज घेऊ नये.

पाठ तिसरा : वही आणि पाटी

मामांचे शेत गेले, त्याचे एक कारण कागद वाचता न येणे हेही होते. ही गोष्ट निरक्षर डेबूजीच्या मनावर कायमची कोरली गेली. म्हणून कीर्तनात बाबा सांगत की, जेवणाचे ताट विकावे लागले तरी विका, भाकर हातावर घेऊन खा, बायकोला कमी किमतीचे लुगडे आणा, पण मुलांना शाळेत घाला. देवाला फुले वाहण्यापेक्षा गरिबाच्या मुलाला पाटी-पुस्तक देण्यास ते मोठे पुण्य मानीत.

साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या कार्याविषयी बाबांना अपार आस्था होती. बहुजनांच्या मुलांनी वसतिगृहात राहून, श्रम करून शिकावे, ही भाऊरावांची कल्पना बाबांच्या विचारांशी मिळतीजुळती होती. १९५४ साली रयत शिक्षण संस्थेने कराड येथे सुरू केलेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. पुढे २००५ साली अमरावती विद्यापीठासही संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. ज्याने कधी पाटी हाती धरली नाही, त्याच्या नावाची पदवी आज हजारो मुले हाती घेतात. आपल्या वाशी येथील कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय त्याच रयत शिक्षण संस्थेचे आहे. येथील कित्येक वाचकांची मुले तेथे शिकली असतील.

विद्येचा अर्थ केवळ परीक्षा व पदवी एवढाच घेऊ नये. सही करण्यापूर्वी कागद पूर्ण वाचणे ही विद्या आहे. औषधाच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे, हे डॉक्टरांना विचारून समजून घेणे ही विद्या आहे. घरातील स्त्रियांना बँकेचे व्यवहार, विम्याचे कागद व घराचे दस्तऐवज ठाऊक असणे ही तर फार मोठी विद्या आहे. कर्ता पुरुष अचानक गेल्यावर खाते कोणत्या बँकेत होते, येथून शोधाचा आरंभ करावा लागतो, अशी कुटुंबे आपल्या आसपास आढळतात.

आचरणासाठी : घरात जमा-खर्चाची एक वही ठेवावी. रात्री जेवणानंतर पाच मिनिटे बसून दिवसाचा खर्च त्यात लिहावा. शक्यतो तो घरातील शिकत्या मुलाने लिहावा. वहीच्या शेवटच्या पानावर बँक खाती, विमा व देणी-घेणी यांची नोंद असावी आणि ती पती-पत्नी उभयतांस ठाऊक असावी.

पाठ चौथा : द्यावे, पण धरून ठेवू नये

देणगीदार बंधु-भगिनींसाठी हा पाठ विशेष मननीय आहे. तीर्थक्षेत्री येणारा गरीब यात्रेकरू उघड्यावर झोपतो, पावसात भिजतो, आजारी पडतो, हे बाबांनी पाहिले होते. म्हणून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा क्षेत्री त्यांनी लोकांच्या दानातून धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही धर्मशाळा बांधली गेली. दादर येथील त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत दूरदूरच्या गावांहून उपचारासाठी आलेल्या कर्करुग्णांना व त्यांच्या सोबत्यांना आसरा मिळतो. आपल्या खारघर येथेही टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग रुग्णालय आहे. दूरगावच्या रुग्णाच्या नातलगांस रात्रीच्या निवाऱ्याचे मोल काय असते, हे तेथील रहिवाशांस वेगळे सांगावयास नको.

बाबांच्या दानाची तीन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्याजोगी आहेत. पहिले असे की, लक्षावधी रुपयांच्या वास्तू उभ्या राहिल्या, पण त्यांतील एकीतही बाबांनी आपल्या कुटुंबीयांस हक्क ठेवला नाही. त्यांचे स्वतःचे कुटुंब साधेपणाने, झोपडीत राहिले. दुसरे असे की, दान गरजेच्या ठिकाणी पोहोचावे, हा त्यांचा कटाक्ष होता. अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंना पंढरपुरात कोणी निवारा देत नसे. म्हणून त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. तिसरे असे की, उभारलेली वस्तू सोडून देण्याचीही त्यांची तयारी होती. हीच चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या निवाऱ्याहून विद्यार्थ्यांचे वसतिगृह त्या समाजाच्या अधिक उपयोगी पडेल, हे पटताच त्यांनी वास्तूवरील ममत्व क्षणात सोडले.

देणगी देताना आपल्या मनात नावाची पाटी, सत्काराची शाल व पुढच्या रांगेतील जागा यांचा विचार येतो. माणसाचा तो स्वभाव आहे आणि देवस्थानही देणगीदारांचा यथोचित आदर करतेच. परंतु जे दान दिल्यावर आपण विसरू शकतो, त्याचे समाधान अधिक काळ टिकते, असा अनेक ज्येष्ठ देणगीदारांचा अनुभव आहे. घरातही हेच लागू पडते. मुलांसाठी केलेल्या कष्टांचा पाढा जे आईवडील वारंवार वाचतात, त्यांच्या प्रेमाचे मुलांना ओझे वाटू लागते. भावाला केलेली मदत दरवर्षी दिवाळीत काढून दाखविली, तर ती मदत राहत नाही, उधारी होते.

आचरणासाठी : महिन्यातून एक दान असे करावे की जे कोणास कळणार नाही. रुग्णालयाबाहेर बसलेल्या नातलगास जेवण, एखाद्या मुलाची वह्या-पुस्तके किंवा रक्तदान, यांपैकी काहीही असो. देणगी द्यावयाची असल्यास वर्षाच्या शिलकीतून द्यावी आणि संस्थेचा हिशेब पाहून द्यावी. हिशेब विचारणे हा अविश्वास नव्हे. तो प्रत्येक देणगीदाराचा अधिकार आहे आणि या देवस्थानचा वार्षिक ताळेबंद कार्यालयात पाहावयास मिळतो.

पाठ पाचवा : दुःख आणि कर्तव्य

कितीही सावध राहून संसार केला तरी दुःख चुकत नाही. १९२३ साली बाबा कोकणात खारेपाटण येथे कीर्तनास उभे असताना त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंद मृत्यू पावल्याची वार्ता येऊन पोहोचली. पिसाळलेले कुत्रे चावण्याचे निमित्त झाले होते. चरित्रकार सांगतात की, बाबा क्षणभर थांबले, जगात रोज कितीतरी लोकांची मुले जातात, त्यांत आपलेही एक गेले, अशा अर्थाचे बोलले आणि कीर्तन पुढे चालू झाले.

ही गोष्ट ऐकून काही वाचकांस बाबा कठोर वाटतील. परंतु दुःख गिळून टाकावे, असा तिचा अर्थ घेणे योग्य होणार नाही. आपल्या दुःखाकडे पाहताना बाबांना इतरांची दुःखे दिसली, हे तिचे मर्म आहे. ज्याच्या मनात ‘माझ्याच वाट्याला हे का?’ एवढा एकच प्रश्न घोळत राहतो, तो एकटा पडतो. ‘हे ज्यांच्या वाट्याला आले आहे त्यांच्यापैकी मीही एक’ असे ज्यास म्हणता येते, त्याला सोबत मिळते. पुत्रशोकानंतरची तेहतीस वर्षे बाबांनी परक्यांच्या मुलांसाठी शाळा, वसतिगृहे व धर्मशाळा उभारण्यात वेचली.

संतांचे धैर्य सर्वांच्या अंगी एकदम येत नाही, हेही खरे. घरात मृत्यू, अपयश किंवा दीर्घ आजारपण आले असता कित्येक आठवडे झोप न लागणे, अन्नावरची वासना उडणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे दिसल्यास ती श्रद्धेतील उणीव मानू नये. ताप आल्यावर आपण वैद्याकडे जातो, तसेच याही बाबतीत विनासंकोच डॉक्टरांकडे जावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीतूनही बोलता येते. गोविंदाच्या बाबतीतही आजची जाणती गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. कुत्रे चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. वेळेवर उपचार केल्यास हा रोग टळतो. एकदा त्याची लक्षणे दिसू लागली की रुग्ण सहसा वाचत नाही.

आचरणासाठी : शेजारी किंवा नात्यात दुःख आले असता पहिल्या तीन दिवसांत सारेच जातात. आपण पंधराव्या दिवशीही जावे आणि महिन्यानेही जावे. जाताना उपदेश न नेता डबा न्यावा.

मननासाठी प्रश्न

पुढील प्रश्न घरातील सर्वांनी एकत्र बसून वाचावेत व आपापली उत्तरे लहान-मोठ्यांनी मोकळेपणाने सांगावीत.

१. आपल्या घरातील कोणते काम एकाच माणसाच्या माथी पडले आहे? त्यात कोणास वाटा उचलता येईल?

२. गेल्या वर्षी ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने आपण कोणता खर्च केला?

३. घरातील कोणता कागद आपण न वाचता सही करून ठेवला आहे?

४. आपण केलेली कोणती मदत आपण अजून विसरलेलो नाही?

५. आपल्या ओळखीत कोण एकटे पडले आहे?

पाचही प्रश्नांची उत्तरे एका दिवसात मिळाली पाहिजेत असे नाही. एका प्रश्नावर एक आठवडा विचार केला तरी दीड महिन्याच्या आत घरात काही पालट दिसू लागेल. बाबांनीही गाव एका झाडूच्या फटकाऱ्याने स्वच्छ केले नाही. ते पहिल्या घरापासून झाडीत शेवटच्या घरापर्यंत गेले.

पंढरीच्या वारीत बाबा वाळवंट झाडीत, यात्रेकरूंच्या पायांखालची घाण दूर करीत आणि रात्री कीर्तन करीत. ज्याला आपण देव म्हणतो तो त्यांना गर्दीतील थकलेल्या माणसांत भेटला. आपणही आज येथे मनोभावे दर्शन घ्यावे, प्रसाद घ्यावा, थोडी विश्रांती घ्यावी. घरी पोहोचल्यावर मात्र आपले पहिले काम आपल्या हाताने करावे. तेथूनच खऱ्या यात्रेस आरंभ होईल.

आपणां सर्वांच्या घरी आरोग्य, विद्या व समाधान नांदो, कोणाच्याही डोक्यावर ऋण न राहो, हीच देवाच्या चरणी प्रार्थना.

शुभं भवतु.

— कार्यवाह, देवस्थान कार्यालय, नवी मुंबई